आत्याबाई आणि भरती

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ट्रकच्या हौद्यात रिकाम्या बारदानावर बसल्या होत्या आणि ट्रकची सहाही चाकं समुद्रात होती. मागची डावी बाजू खचली होती. लाट यायची तेव्हा पाणी चाकावर चढायचं. लाट परतायची तेव्हा चाकाखालची वाळू ओढून न्यायची आणि ट्रक आणखी जरा कलायचा. माझे धाकटे दीर मागचा फाळका पाडून मांडीएवढ्या पाण्यात उभे होते आणि आईला खाली उतर म्हणून सांगत होते. त्या उतरत नव्हत्या.

"माज्या पाठीवर बस."

"पाय लोंबतील. पान्याला लागतील."

"लागू दे की."

"आधी पूजा. मग पाय."

"आई, गाडी उलटंल."

"उलटू दे. पन पयला पाय मी लावायची न्हाई."

हळदीकुंकवाची पुडी माझ्या कनवटीला होती आणि मी वाळूच्या टेकडीवरून खाली धावत होते. भुसभुशीत वाळूत धावणं म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. जोर सगळा लागतो आणि माणूस आहे तिथंच राहतं.

हे असं कसं झालं ते आता नीट सांगते.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. पुढच्याच साली मोठा दुष्काळ पडला, म्हणून ते साल माझ्या लक्षात आहे. त्या उन्हाळ्यात कांदा बरा निघाला होता. भावजी, म्हणजे हेच धाकटे दीर, नगरच्या एका शेटच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. कोकणातली माणसं पावसाळ्याआधी घरात चार महिन्यांचं सामान भरून ठेवतात. मिरची, मीठ, डाळी आणि कांदा. तिथला एक व्यापारी आमचा आणि शेजाऱ्यांचा कांदा घ्यायला तयार झाला आणि भावजींनी गाडी नेण्याचं ठरवलं. ते कळल्यावर आत्याबाई म्हणाल्या, मी येणार.

कारण काय, तर आमच्या गावची नदी. नदी म्हणायची एवढंच. वर्षातले बहुतेक दिवस तिथं वाळू असते, आणि त्या वाळूत झिरे खांदून आम्ही बाया पाणी भरायचो. पावसाळ्यात दोन-चार दिवस लाल पाण्याचा लोंढा येतो, झाडं-झुडपं, एखादं शेरडू घेऊन जातो आणि परत वाळूच. आत्याबाई त्या घरात नांदायला आल्यापासून तो लोंढा बघत आल्या होत्या. एवढं पाणी जातं कुठं, हे त्यांना बघायचं होतं. कुणीतरी सांगितलं होतं की समुद्राला जातं. मग समुद्र बघायचा. पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या नातवानं पुस्तकातला नकाशा काढून दाखवला, की आमच्या नदीचं पाणी पार दुसऱ्या बाजूच्या समुद्राला जातं. म्हणजे आम्ही चुकीच्या समुद्राला गेलो होतो. पण तेव्हा कुणाला ठाऊक होतं, आणि ठाऊक असतं तरी काय फरक पडला असता.

सासरे म्हणाले, पाणी बघायला डिझेल कशाला जाळायचं, विहिरीत वाकून बघ. आत्याबाई म्हणाल्या, विहिरीचा तळ मला पाठ आहे. आणखी थोडी बोलाचाली झाली, पण आत्याबाईंनी रात्रीच भाकरी बडवून ठेवल्या होत्या. बाईनं भाकरी बांधल्या की घरातल्या पुरुषानं वाद घालू नये, हे सासऱ्यांना कळत होतं. सोबतीला म्हणून मोठ्या जावेला विचारलं, तर ती म्हणाली तिला गाडी लागते. मला काही लागत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माहेरचा रस्ता सोडला तर मी कुठं गेलेली नव्हते.

पहाटे निघालो. सुप्याला चहा घेतला. तेव्हा सुप्याला कारखाने-बिरखाने काही नव्हते, रस्त्याकडेला छपराचं हॉटेल होतं. तिथून पुणं, तिथून घाट. घाटात आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले आणि उतार संपेपर्यंत खंडोबाचं नाव घेत राहिल्या. मी खिडकीतून खाली बघत होते. दरीत झाडं एवढी दाट, की जमीनच दिसत नव्हती. आमच्याकडं झाडं मोजता येतात.

व्यापाऱ्याकडं माल उतरवला, मुक्काम केला. त्याच्या बायकोनं आत्याबाईंची खणानारळानं ओटी भरली. जेवायला बोलावलं, पण त्या घरात मासळी शिजत होती आणि आत्याबाईंच्या गळ्यात माळ. त्यांनी ओसरीवर बसून स्वतःची भाकरी खाल्ली आणि यजमानीणबाईला सांगितलं, तुमचा वास लई लांब जातो. मी वर बघितलंच नाही. पण त्या बाई हसल्या. म्हणाल्या, पावसाळ्यात तुमच्या कांद्याचा पण जाईल.

सकाळी व्यापाऱ्यानं समुद्राची वाट सांगितली. गावाबाहेर मोठी पुळण आहे, म्हणजे समुद्राकाठची वाळू, आणि तिच्यामागं वाळूच्या टेकड्याच्या टेकड्या आहेत. सरकारनं त्या राखीव केल्या आहेत, वर सुरूची झाडं लावली आहेत, गार्ड ठेवला आहे. आता अशा जागेला राष्ट्रीय उद्यान म्हणतात, कमान बांधतात आणि तिकीट लावतात. तेव्हा नुसतं राखीव म्हणायचे. आत्याबाईंना ते ऐकून हसूच आलं. वाळूला राखण. आमच्याकडं वाळू सोडून बाकी सगळं राखावं लागतं.

बैलगाड्यांच्या चाकोऱ्या धरून भावजींनी ट्रक पुळणीवर घातला. कोरड्या वाळूत चाक रुतायला लागलं, तसं त्यांनी गाडी खाली, ओल्या वाळूवर नेली. तिथली वाळू शेणानं सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट होती. पाणी तेव्हा बरंच लांब होतं. भावजींनी गाडी वळवून तोंड गावाकडं करून लावली. ड्रायव्हर माणसाची ती सवय असते, निघायच्या तयारीत उभं राहायचं.

आत्याबाईंनी कपाळावर हात धरून पाण्याच्या पार टोकापर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "ह्याला पल्याडचा काठच न्हाई."

आमच्याकडं रीत अशी आहे, की नव्या पाण्याला पहिला पाय लावायचा नाही. नदी असो, तळं असो. आधी वाकून हात लावायचा, पाणी डोळ्यांना लावायचं, हळदीकुंकू वाहायचं, नारळ द्यायचा, मग पाय. आत्याबाईंनी पिशवीत हात घातला आणि ओटीतला नारळ शोधायला लागल्या. नारळ नव्हता. भावजी बोनेट उघडून आत काहीतरी बघायला लागले. नारळ त्यांनी सकाळी आंघोळीच्या दगडावर फोडून खाल्ला होता. पाणीसुद्धा प्यायले होते.

त्यावर आत्याबाई जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. एकूण अर्थ असा, की गावात परत जा, नारळ आण, तोवर मी खाली पाय ठेवणार नाही. नारळांच्या मुलखात येऊन माझ्या पोटच्या पोरानं माझा एकुलता एक नारळ खावा, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग त्या हौद्यात चढल्या. बारदानाची थप्पी होती, तिच्यावर बसल्या.

तेवढ्यात गार्ड आला. खाकी कपडे, हातात काठी, वाळलेला माणूस. तो भावजींना म्हणाला, "भरतीची वेळ झाली. गाडी काढा इथून."

आता आमच्याकडं भरती म्हणजे वाळूची. नदीत ट्रक उतरवायचा, मजुरांनी फावड्यानं भरायचा, याला भरती म्हणतात. भावजींनी ते काम केलं होतं आणि पास नसताना भरती केली म्हणून एकदा पकडलेही गेले होते. त्यांना वाटलं, हा माणूस आपल्याला वाळूचोर म्हणतोय.

"आमी भरती कराया आलो न्हाई. गाडी रिकामी हाय, चढून बगा."

"रिकामी असो की भरलेली, भरतीला त्याचं काय?"

"फावडं न्हाई, घमेलं न्हाई. हातानं भरू काय?"

गार्डनं काठी वाळूत टेकली. म्हणाला, "तुम्ही कशाला भरता? ती आपली आपण येते. दुपारपर्यंत इथे सगळं भरतं."

भावजींनी मला हळूच सांगितलं, की इथं दुसऱ्या कुणाची तरी भरती दिसते, त्यांचे मजूर दुपारी येणार असतील, म्हणून हा आपल्याला हाकलतोय. जागा काय याच्या बापाची आहे का. मला वाटलं, गार्डला चहापाणी हवंय. तेही सांगून टाकते.

आत्याबाईंना मात्र तिसरंच वाटलं. त्यांचा थोरला भाऊ पूर्वी, इंग्रजांच्या मोठ्या लढाईच्या वेळी, नगरला भरतीला गेला होता. मापं घेतली आणि गाडीत बसवून नेला. परत आला नाही. त्यांच्यासाठी भरती एकच होती. तिकडं सीमेवर काहीतरी चालू आहे असं त्या साली सगळे बोलत होते. गार्ड काठी टेकत सुरूच्या बाजूला गेला, तिथं कुणाच्या तरी शेळ्या शिरल्या होत्या. तो गेल्यावर आत्याबाईंनी लेकाला जवळ बोलावलं आणि त्याच्या दंडाला धरलं.

"तू जा हितनं. त्या टेकाडाच्या मागं जा. नारळ आन, आन् भरतीवाले जाईस्तवर परत यिऊ नगं."

"आई, वाळूची भरती ती."

"तुला काय ठावं? तुजी छाती रुंद हाय. त्यांना असलीच लागत्यात."

"आन् तू?"

"मी हाय हितं. इचारलं तर सांगते, डायवर पळून गेला."

भावजी हसले, पण त्यांनाही नारळाच्या विषयापासून लांब जायचंच होतं. आत्याबाईंनी मला त्यांच्यामागं पाठवलं, तो लवकर परत येत नाही ना ते बघायला. म्हणजे एक बाई समुद्राच्या तोंडात, गाडीत बसून पलटणीची वाट बघत राहिली, आणि आम्ही दोघं टेकड्यांकडं निघालो. जाताना भावजींनी ऊन लागू नये म्हणून एक बारदान डोक्यावर घेतलं.

त्या टेकड्या मी अजून विसरलेले नाही. आमच्या वाड्यावस्त्यांकडच्या टेकड्या म्हणजे खडक, वर कुसळं. ह्या टेकड्यांत दगडच नव्हता. खालपासून वरपर्यंत वाळू, चाळून ठेवलेल्या पिठासारखी. वर पाय भाजायचा आणि घोट्याएवढा रुतला की आत गार लागायचा. वाऱ्यानं तिच्यावर रेघा पडलेल्या, नांगरट केल्यासारख्या. टेकडीच्या पायथ्याला एक वेल पसरलेला होता, जाड हिरवी पानं, जांभळी फुलं. पांढरे खेकडे, करंगळीएवढे, आमची चाहूल लागली की बिळात. भावजी एकाच्या मागं लागले, दुसऱ्याच्या मागं लागले, आणि एवढा थोरला माणूस वाळूत तोंडावर पडला.

पहिली टेकडी चढलो तर पुढं दुसरी, तिच्यामागं तिसरी. वर सुरूची झाडं, आणि त्यातून वारा असा आवाज करत होता की मला वाटलं लांबून कुठूनतरी गाडी येतेय. दुसऱ्या टेकडीचा उतार सरळ होता. भावजींनी डोक्यावरचं बारदान काढलं, त्यावर बसले आणि घसरत थेट खाली गेले. खालून म्हणाले, "वैनी, या. कुनी न्हाई बगायला."

ते बारदान घेऊन वर आले. मी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि बसले. मी चौथीपर्यंत शाळेत होते, पण शाळेत घसरगुंडी नव्हती. लहानपणी शेणाच्या ढिगावरून घसरले असेन तेवढंच. पहिल्या वेळी अर्ध्यात कलंडले आणि गडगडत गेले. नाकात, कानात, केसात वाळू. दुसऱ्या वेळी नीट गेले. मग मोजलं नाही. लग्न झालेल्या बाईनं घसरगुंडी खेळू नये असं कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. भावजी माझ्या नवऱ्याला दादा म्हणायचे. म्हणाले, दादा आता बघायला पाहिजे होता. मी म्हटलं, तुमचा दादा असता तर त्यानं आधी बारदान फाटंल म्हणून सांगितलं असतं. त्यावर आम्ही दोघं एवढं हसलो की चढताना दम लागला. नारळ राहिला. गाव तर कुठल्या बाजूला आहे तेही आम्ही विसरलो होतो.

मग एक कोळीण आली. डोक्यावर सुरूच्या वाळक्या काड्यांचा भारा, पदर खोचलेला, माझ्या आईच्या वयाची. तिनं आम्हाला थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, कुठले तुम्ही. सांगितलं. ती म्हणाली, तरीच. वेलावरून घसरू नका एवढंच सांगितलं. त्याला मर्यादवेल म्हणतात. त्याच्या खालचं समुद्राचं, वरचं आपलं. मग तिनं टेकडीवरून खाली बघितलं.

"ती गाडी कोणाची?"

"आमची," भावजी म्हणाले.

"भरती लागली ना."

"लागू द्या की. भरनारे भरतील. आमची गाडी काय आडवी येतीय त्यांना?"

कोळणीनं भारा खाली टाकला. "भरणारे कोण रे? समुद्र भरतो. भरती म्हणजे पाणी चढतं. तुझी गाडी घेऊन जाईल तो."

मी वळून बघितलं. सकाळी ट्रकच्या मागं जी लांबच लांब वाळू होती ती नव्हती. ट्रक पाण्यात उभा होता.

भावजी खाली धावले. कोळीण दुसऱ्या बाजूला, जिथं होड्या वर ओढून ठेवल्या होत्या तिकडं, हाका मारत गेली. मी भावजींच्या मागं निघाले, आणि वाळूत धावणं कसं असतं ते आधीच सांगितलं आहे.

मी पाण्याजवळ पोचले तेव्हा मायलेकांचं तेच चाललं होतं. भावजींनी आधी इंजिन चालू करून बघितलं होतं. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी खाली गेली. आता चाकांखाली काहीतरी घालायला हवं होतं, आणि घालण्यासारखं होतं ते बारदान. त्यावर आत्याबाई बसलेल्या.

मी पाण्यात शिरले. रीत-बीत माझ्या मनातसुद्धा आली नाही. फाळक्याशी जाऊन पुडी वर धरली.

"नारळ?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई मिळाला."

"मग कशी करू पूजा?"

लाट आली. ट्रक कलला, हौद्याच्या फळ्या कुरकुरल्या. आत्याबाईंनी कडेचा साखळदंड धरला. हौद्याच्या कोपऱ्यातून आमचाच एक कांदा गडगडत आला, माल उतरवताना राहिलेला. माझ्या हाताशीच येऊन थांबला.

"हा घ्या. हा द्या."

"कांदा? देवाला कांदा चालत न्हाई."

"खंडोबाला चालतो."

आत्याबाईंनी कांदा हातात घेतला. आमच्याकडं चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि कांदा दाखवल्याशिवाय घरात कुणी कांदा तोंडात घालत नाही. हे त्यांनीच मला लग्नानंतर पहिल्या साली शिकवलं होतं.

"खंडोबा डोंगरावरचा," त्या म्हणाल्या.

"मग हा त्याचा खालचा भाऊ."

"आई," भावजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता पहिल्यासारखा नव्हता, "मला तू पायजे. गाडी ऱ्हाऊ दे, तू उतर."

आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग फाळक्यावर पालथ्या झाल्या, पुढं सरकल्या आणि हात खाली सोडला. पाण्याला हात लावला, डोळ्यांना लावला, हळदीकुंकू टाकलं. सगळं शिस्तीत. मग कांदा सोडला. कांदा बुडाला नाही. तरंगत गेला, आणि पुढच्या लाटेनं परत येऊन माझ्या पोटाला लागला.

"परत दिला," आत्याबाई म्हणाल्या.

मी तो उचलून चोळीत घातला. "परसाद दिला. उतरा आता."

त्या उतरल्या. त्या अंगानं भारी, गुडघे दुखणारे. एक हात भावजींच्या खांद्यावर, एक माझ्या. पाय पाण्यात टेकला न टेकला तोच मोठी लाट आली आणि तिघंही आडवे झालो. नाकातोंडात पाणी. मला वर-खाली कळेना. हाताला लुगडं लागलं ते मी सोडलं नाही. ओढून वर काढलं तर आत्याबाईंचं डोकं निघालं, अंबाडा सुटलेला, डोळे घट्ट मिटलेले. भावजींनी दुसऱ्या बाजूनं काखेत हात घातला. पुढची लाट यायच्या आत कोळणी येऊन पोचल्या. त्यांनी आत्याबाईंना दोन्हीकडून धरून भराभर वर नेलं, त्या वेलाच्याही वर, आणि बसवलं.

आत्याबाई खोकल्या, थुंकल्या, परत खोकल्या. त्यांचा श्वास नीट चालू होईपर्यंत मी त्यांच्या पाठीवर हात मारत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले. जीभ ओठांवरून फिरवली.

"मीठ घातलंय ह्यात कुनीतरी," त्या म्हणाल्या.

आणि हसायला लागल्या. घरात त्या हसायच्या ते पदराआड. इथं पदर कुठं होता याचा पत्ता नव्हता. तोंड उघडं टाकून, डोक्यावर समुद्रातलं काहीतरी हिरवं चिकटलेलं, त्या हसत होत्या, आणि त्यांच्यापाठोपाठ त्या कोळणीही.

खाली पुरुषांचं काम चालू झालं होतं. कोळ्यांनी होडी ओढायचे दोर आणले, पुढं बांधले. भावजींनी बारदान घडी घालून मागच्या चाकांखाली कोंबलं, लाटेनं नेलं तर दुसरं, ते नेलं तर तिसरं. मग आत बसून इंजिन चालू केलं. कोळी होडी ओढताना जसे आवाज देतात तसा आवाज देऊन सगळे एका दमात ओढायला लागले. कोळणीही गेल्या, मीही गेले. हाताची सालटी निघाली. दोनदा गाडी हलून परत बसली. तिसऱ्यांदा मागची चाकं बारदानावर चढली आणि ट्रक म्हशीसारखा पाण्यातून वर आला. आत्याबाईंनी वरून टाळ्या वाजवल्या.

गार्ड तोवर येऊन उभा होता. तो चिडला होता आणि त्याचं बरोबर होतं.

"मी सांगितलं होतं की नाही, भरती आहे म्हणून?"

"तुमी पानी म्हनाला न्हाईत," भावजी म्हणाले.

"समुद्रावर दुसरी कसली भरती असते?"

आत्याबाईंनी त्याला जवळ बोलावलं. "दादा, खरं सांगा. मिलट्रीची न्हाई ना?"

"नाही हो आजी. पाण्याची."

"मग काय हरकत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

 गार्डनं सुरूच्या झाडाला टेकून विडी काढली आणि एक भावजींना दिली.

त्या दिवशी निघणं झालं नाही. भावजी आणि दोन कोळी गोड्या पाण्याच्या कळश्या ओतून गाडी खालून धूत बसले, खारं पाणी लोखंड खातं म्हणून. आम्ही त्या कोळणीच्या अंगणात बसलो. तिनं आत्याबाईंना कोरडं लुगडं दिलं, त्याला मासळीचा वास होता, आणि आत्याबाईंनी ते निमूट नेसलं. संध्याकाळी पाणी परत खाली गेलं, सकाळी होतं तिथं. आत्याबाईंना ते बघून फार नवल वाटलं. पाणी जातं हे त्यांना ठाऊक होतं, पण गेलेलं परत येतं आणि परत जातं, हे नवीन होतं. अंधार पडेपर्यंत त्या तिथं बसून राहिल्या, आणि ह्या वेळी पाय पाण्यात सोडून.

घरी आल्यावर सासऱ्यांनी पहिलं विचारलं, बारदान किती परत आणलं. आत्याबाईंनी सांगितलं, तीन माणसं नेली होती, तीन आणली, बारदान मोजायला समुद्राला बोलवा. शेटला भावजींनी सगळं खरं सांगितलं, आणि शेट ओरडला, पण भावजी पुढं कितीतरी वर्षं त्याच गाडीवर होते.

आत्याबाई त्यानंतर खूप जगल्या आणि म्हातारपणानं घरातच गेल्या. भावजी दोन वर्षांपूर्वी गेले. मी आहे.